गर्भावधी मधुमेह : दाह, जनुक-अभिव्यक्ती आणि पुणे परिसरातील संशोधनाची साक्ष

प्रस्तावना

१९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची स्थापना झाली आणि पुढील वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्या काळात प्रसूत स्त्रीचा मोठा शत्रू जंतुसंसर्ग हा होता. सूतिकाज्वराने घरोघरी स्त्रिया दगावत आणि त्यावर पेनिसिलिन हे खरोखरीच जीवनदान ठरले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांचे रूप झपाट्याने पालटले. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांहून अधिक नोंदली गेली. त्याच सुमारास, कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे खेड तालुक्यातील चाकण मोटारउद्योगाचे केंद्र बनले. कारखाने आले, त्यांच्यापाठोपाठ मराठवाडा, विदर्भ, खानदेश तसेच उत्तर भारतातील कुटुंबे आली आणि आहार, झोप, श्रम व हवा या चारही बाबतींत येथील जीवनमान एका पिढीच्या आत बदलून गेले.

या बदलाबरोबर गर्भवती स्त्रीच्या आरोग्यापुढील प्रश्नांचे स्वरूपही बदलले. आज प्रसूतिपूर्व तपासणीत ज्या विकाराकडे विशेष लक्ष द्यावे लागते तो गर्भावधी मधुमेह होय. गरोदरपणात प्रथमच आढळणारी रक्तशर्करेची वाढ म्हणजे गर्भावधी मधुमेह, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येते. हा विकार जंतूंमुळे होत नाही. तरीही त्याच्या मुळाशी शरीराची तीच संरक्षक यंत्रणा कार्यरत असते, जी एरवी जंतूंशी झुंजते. या यंत्रणेच्या मंद व दीर्घकालीन उत्तेजनास दाह असे म्हणतात. दाह आणि जनुक-अभिव्यक्ती यांचा गर्भावधी मधुमेहाशी असलेला संबंध स्पष्ट करणे आणि पुणे परिसरात झालेल्या संशोधनाच्या आधारे हा संबंध येथील स्त्रीच्या बाबतीत कितपत लागू पडतो हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गरोदरपण आणि इन्सुलिन-रोध

गरोदरपणात रक्तशर्करा वाढण्याची प्रवृत्ती ही मुळात विकृती नव्हे. गर्भाला ग्लुकोजचा अखंड पुरवठा व्हावा यासाठी निसर्गाने केलेली ती तरतूद आहे. दुसऱ्या तिमाहीपासून वार अनेक संप्रेरके स्रवू लागते. मानवी प्लासेंटल लॅक्टोजेन आणि वारेचे वृद्धिसंप्रेरक ही त्यांतील प्रमुख होत. त्यांच्या प्रभावाने मातेचे स्नायू व मेद-ऊती इन्सुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशा होतात. गरोदरपणाच्या अखेरीस मातेची इन्सुलिन-संवेदनशीलता जवळजवळ निम्म्याने घटते. त्यामुळे ग्लुकोज मातेच्या पेशींत कमी शिरते आणि गर्भासाठी अधिक उपलब्ध राहते.

निरोगी स्त्रीच्या स्वादुपिंडातील बीटा पेशी या वाढत्या मागणीला साजेसे जास्तीचे इन्सुलिन तयार करतात व साखर मर्यादेत राहते. ज्या स्त्रीच्या बीटा पेशींना हा भार पेलवत नाही तिला गर्भावधी मधुमेह होतो. याचा अर्थ असा की या विकाराला दोन बाजू आहेत : एक, इन्सुलिन-रोध किती वाढला; दुसरी, बीटा पेशींची राखीव क्षमता किती होती. पाश्चात्त्य ग्रंथांत पहिल्या बाजूची चर्चा विस्ताराने येते आणि दुसरी पुष्कळदा ओझरती. भारतीय स्त्रीचा विचार करताना हा तोल सुधारून घ्यावा लागतो, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

मातेच्या रक्तातील ग्लुकोज वारेतून गर्भाकडे जाते. इन्सुलिन मात्र जात नाही. परिणामी वाढलेल्या साखरेला उत्तर देण्यासाठी गर्भाचे स्वादुपिंड स्वतःच अधिक इन्सुलिन निर्माण करते. इन्सुलिन हे गर्भाच्या दृष्टीने वाढीचे संप्रेरक असल्याने बाळाच्या शरीरात मेद साठतो. हा विचार डेन्मार्कमधील वैद्य पेडरसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मांडला आणि तो आजही टिकून आहे. प्रसूतीत बाळाचा खांदा अडकणे, शस्त्रक्रियेची गरज भासणे, जन्मानंतर बाळाची साखर एकाएकी उतरणे या गुंतागुंती त्यातूनच उद्भवतात.

दाह : उपकारक आणि अपायकारक

पाय मुरगळला की तो सुजतो, लाल होतो, गरम लागतो, दुखतो. हा तीव्र दाह होय. काम संपले की तो ओसरतो. येथे ज्या दाहाचा विचार करावयाचा आहे तो याहून निराळा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, दुखत नाही, ताप आणत नाही. रक्तातील काही प्रथिनांची पातळी किंचित पण सतत वाढलेली असते, एवढीच त्याची खूण. या प्रथिनांपैकी पेशींमधील निरोप पोहोचवणाऱ्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा, संक्षेपाने टीएनएफ-अल्फा, आणि इंटरल्यूकिन-६ ही त्यांतील महत्त्वाची नावे. यकृतात तयार होणारे सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन हे रक्त तपासून सहज मोजता येणारे दाहाचे निदर्शक आहे.

१९९३ साली हॉटमिसलिगिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की स्थूल उंदरांच्या मेद-ऊतींत टीएनएफ-अल्फा मोठ्या प्रमाणावर तयार होते आणि ते निष्प्रभ केले असता इन्सुलिनचा प्रभाव सुधारतो. मेद म्हणजे केवळ साठवणीचे कोठार, ही तोवरची समजूत येथून ढासळू लागली.

गरोदरपणाच्या संदर्भात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले कर्वन व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन निर्णायक मानले जाते. गरोदरपणात इन्सुलिन-संवेदनशीलतेत होणाऱ्या बदलाचा सर्वांत चांगला अंदाज कोणत्या घटकावरून येतो, हे त्यांनी तपासले. उत्तर वारेची संप्रेरके नव्हे, तर टीएनएफ-अल्फा असे आले. शिवाय वारेत तयार होणाऱ्या टीएनएफ-अल्फाचा फार मोठा भाग गर्भाकडे न जाता मातेच्या रक्तात सोडला जातो, हेही त्यात आढळले. अर्थात वार हा एक दाहजनक अवयवही आहे. पुढील वर्षी अन्य संशोधकांनी असेही नोंदविले की ज्या स्त्रियांच्या रक्तात पहिल्या तिमाहीत सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन अधिक होते त्यांच्यात पुढे गर्भावधी मधुमेहाचे प्रमाण अधिक दिसले. मात्र शरीराच्या वजनाचा हिशेब घेतल्यावर हा संबंध बराच क्षीण होतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गरोदरपणातील दाह हा सरसकट शत्रू नाही. गर्भ गर्भाशयात रुजताना काही प्रमाणात दाह लागतोच. मधल्या काळात तो शांत होतो, आणि प्रसूतीच्या वेणा सुरू होण्यासाठी तो पुन्हा जागा व्हावा लागतो. अलीकडे ‘दाहशामक’ आहार आणि चूर्णे यांची जी जाहिरातबाजी चालते तिच्यात या साध्या शरीरशास्त्रीय सत्याची दखल क्वचितच घेतलेली असते. आतड्यांतील उपयुक्त जिवाणूंच्या पूरकांनी गर्भावधी मधुमेह टळेल अशी आशा काही काळ होती. परंतु अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०२१ च्या कॉक्रेन परीक्षणात तसा लाभ दिसून आला नाही, उलट गरोदरपणातील रक्तदाब-विकाराचा धोका वाढण्याची शक्यता दिसली.

पेशीच्या आत काय घडते

इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटले की आतल्या बाजूस निरोपांची एक साखळी सुरू होते. तिचा पहिला दुवा आयआरएस-१ हे प्रथिन होय. ग्राहीने या प्रथिनातील टायरोसिन या घटकावर फॉस्फेट बसविले की निरोप पुढे सरकतो आणि अखेरीस ग्लुट-४ नावाचे ग्लुकोजवाहक प्रथिन पेशीच्या आतून पृष्ठभागावर येते. ग्लुकोज आत घेण्याचे हे दार होय.

टीएनएफ-अल्फा या साखळीत पहिल्याच दुव्यावर अडथळा आणते. त्याच्या प्रभावाने जागृत झालेले विकर आयआरएस-१ वर फॉस्फेट बसवतात खरे, पण ते चुकीच्या जागी, म्हणजे सेरीन या घटकावर. असे झालेले आयआरएस-१ निरोप पुढे नेत नाही. इन्सुलिन दाराशी उभे आहे, ग्राहीही शाबूत आहे, पण दार उघडत नाही, अशी ही अवस्था. गर्भावधी मधुमेह असलेल्या स्त्रियांच्या स्नायूंत आयआरएस-१ चे प्रमाणच घटलेले आढळल्याचेही नोंदविले गेले आहे.

दुसरी प्रक्रिया पेशीकेंद्रकात घडते आणि तेथे जनुक-अभिव्यक्तीचा विषय येतो. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. मग यकृताची पेशी यकृताची आणि वारेची पेशी वारेची का होते? कारण प्रत्येक पेशी त्या संचातील ठरावीक जनुकेच वाचते. जनुकाचे वाचन होऊन त्यातील सूचनेबरहुकूम आरएनए व त्यानंतर प्रथिन तयार होणे म्हणजे जनुकाची अभिव्यक्ती. कोणती जनुके केव्हा आणि किती वाचावयाची हे ठरविणाऱ्या प्रथिनांपैकी एनएफ-कप्पा-बी हे दाहाच्या संदर्भात प्रमुख आहे. एरवी ते पेशीद्रवात दुसऱ्या एका प्रथिनाने जखडलेले असते. टीएनएफ-अल्फा, जिवाणूंच्या आवरणातील विष किंवा संपृक्त मेदाम्लांचा अतिरेक यांमुळे ही जखड सुटते, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरते आणि दाहजनक प्रथिनांची जनुके वाचली जाऊ लागतात. त्यांतच टीएनएफ-अल्फाचे जनुकही असते. म्हणजे ज्याने आग लावली तेच त्या आगीत पुन्हा निर्माण होते. दाह एकदा मंदपणे धुमसू लागला की तो सहजी का विझत नाही, याचे एक कारण या चक्रात आहे.

वारेची साक्ष आणि तिच्या मर्यादा

प्रसूतीनंतर टाकून दिली जाणारी वार ही संशोधकाच्या दृष्टीने अमूल्य ऊती आहे. हजारो जनुकांची अभिव्यक्ती एकाच वेळी मोजण्याचे तंत्र उपलब्ध झाल्यावर २००३ मध्ये राडाएली व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भावधी मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांच्या वारांची तुलना केली. ४३५ जनुकांच्या अभिव्यक्तीत फरक आढळला. त्यांतील सर्वांत मोठा गट, सुमारे १८.५ टक्के, हा पेशींवरील ताण आणि दाह यांच्याशी निगडित जनुकांचा होता. पुढे २००८ मध्ये स्थूल स्त्रियांच्या वारेत भक्षक पेशींची संख्या वाढलेली असते, असेही दाखविले गेले.

कॅनडातील बूशार व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. जनुकाच्या सूचनेत अक्षराचाही बदल न होता, त्यावर मिथिल हा छोटा रासायनिक गट बसल्याने ते कमी-अधिक वाचले जाते. या प्रक्रियेस डीएनएचे मिथिलीकरण म्हणतात. मातेच्या रक्तशर्करेनुसार वारेतील लेप्टिन व अॅडिपोनेक्टिन या मेदसंबद्ध संप्रेरकांच्या जनुकांवरील मिथिल गटांचे प्रमाण बदलते, असे त्यांनी २०१० नंतरच्या लेखांत मांडले. गर्भाच्या जनुकांवर मातेच्या साखरेची नोंद राहते, असा याचा अर्थ लावला जातो.

या निष्कर्षांचे महत्त्व मान्य करूनही एक प्रश्न विचारला पाहिजे. वार हाती येते ती प्रसूतीनंतर. निदान होऊन तोवर दोन-तीन महिने लोटलेले असतात, आहार बदललेला असतो, अनेकींना इन्सुलिन सुरू झालेले असते. अशा वेळी वारेत दिसणारा दाह हे मधुमेहाचे कारण की परिणाम, हे केवळ वार पाहून सांगता येत नाही. वार ही साक्षीदार खरी, पण ती घटनास्थळी उशिरा पोहोचलेली साक्षीदार आहे. गर्भावधी मधुमेहाची ‘कारक जनुके’ वारेत सापडल्याच्या वृत्तपत्रीय बातम्या या कसोटीवर बहुधा टिकत नाहीत.

वारशाने येणारी जनुकभिन्नता हा निराळा विषय आहे. टीसीएफ७एल२ या जनुकातील काही प्रकारांचा मधुमेहाशी असलेला दृढ संबंध भारतीयांतही आहे, हे हैदराबाद येथील पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र आणि पुण्यातील के.ई.एम. रुग्णालय यांच्या सहयोगाने सिद्ध झाले. गर्भावधी मधुमेहात एमटीएनआर१बी आणि सीडीकेएएल१ या जनुकांची भूमिका कोरियातील २०१२ च्या अभ्यासात पुढे आली. लक्षणीय गोष्ट अशी की ही तिन्ही जनुके प्रामुख्याने बीटा पेशींच्या इन्सुलिन-स्रावाशी निगडित आहेत. जनुकांचा वारसा स्वादुपिंडाकडे बोट दाखवितो आणि दाह हा स्नायू व मेदाकडे. दोन्ही एकत्र आल्याशिवाय विकाराचे चित्र पुरे होत नाही.

पुण्याने काय दाखविले

आतापर्यंतचे विवेचन मुख्यतः स्थूल स्त्रीला नजरेसमोर ठेवून झालेल्या संशोधनावर आधारलेले आहे. रक्तशर्करा आणि गरोदरपणातील धोके यांचा संबंध निश्चित करणारा, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला नऊ देशांतील सुमारे २३ हजार स्त्रियांचा ‘हापो’ अभ्यास हा आजच्या आंतरराष्ट्रीय निकषांचा पाया आहे. पण त्यात भारतातील एकही केंद्र नव्हते. म्हणूनच पुणे परिसरातील संशोधन केवळ स्थानिक कुतूहलाचा विषय ठरत नाही.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. त्यात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा देहभार निर्देशांक एकच, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते या एका छायाचित्राने जगापुढे ठेवले.

हा फरक जन्मतःच असतो का, याचे उत्तर के.ई.एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत चालविलेल्या पुणे मातृपोषण अभ्यासातून मिळाले. या गावांतील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे सुमारे ३.५ किलो. पुण्याची बाळे वजन, स्नायू, पोटातील अवयव या सर्वच बाबतींत लहान होती, मात्र त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. ‘कृश तरी मेदयुक्त’ असे या बाळांचे वर्णन रूढ झाले. त्यांच्या नाळेच्या रक्तातही वजनाच्या मानाने इन्सुलिन व लेप्टिन अधिक आढळले. अशी मुलगी वाढून वीस-बावीस वर्षांनी भोसरी किंवा चाकणच्या वस्तीत नांदायला येते, तेव्हा तिचे वजन ४८ किलो असले तरी तिच्या शरीराची जडणघडण ‘कमी धोक्याची’ म्हणता येत नाही. स्नायू कमी म्हणजे ग्लुकोज वापरणारी ऊती कमी.

गाव सोडून शहरात आल्याने दाहात काय फरक पडतो? १९९९ मध्ये युडकिन, याज्ञिक व सहकाऱ्यांनी ग्रामीण आणि शहरी भारतीयांच्या रक्तातील दाहजनक सायटोकाइन मोजले. शहरी गटात त्यांची पातळी ठळकपणे अधिक होती, ग्रामीण गटात नव्हती. याच सूत्राचा पाठपुरावा करणाऱ्या ‘क्रायसिस’ अभ्यासात पुणे परिसरातील ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि मध्यमवर्गीय शहरी अशा तीन गटांतील पुरुषांची तपासणी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार शहरी जीवनाबरोबर मेद, दाहाची निदर्शके आणि रक्तशर्करा ही तिन्ही वाढलेली दिसली. वाढलेल्या साखरेचे बरेचसे स्पष्टीकरण मेदातून मिळत असले तरी दाहाचाही त्यात वाटा होता. हे अभ्यास पुरुषांवरचे आहेत, ही त्यांची मोठी मर्यादा. त्यावरून गर्भवतीविषयी थेट निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. तथापि खेड तालुक्यातील शेतशिवारातून पिंपरीच्या चाळीत येणे ही घटना शरीराच्या दृष्टीने काय असते, याची कल्पना त्यावरून येते. एखाद्या मजूर कुटुंबाला हे अंतर बसने तासा-दीड तासाचे. रक्तातील प्रथिनांना ते त्याहून पुष्कळ मोठे आहे.

जीवनसत्त्व बी-१२ चा प्रश्न

पुणे मातृपोषण अभ्यासातील सर्वांत अनपेक्षित निष्कर्ष जीवनसत्त्व बी-१२ विषयीचा होता. सुमारे दोन तृतीयांश गर्भवतींत त्याची कमतरता होती, तर फोलेटची कमतरता जवळजवळ नव्हतीच. ज्या मातांमध्ये फोलेट अधिक आणि बी-१२ कमी होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी सर्वाधिक इन्सुलिन-रोधक आढळली. म्हैसूर येथील अभ्यासात बी-१२ ची कमतरता असलेल्या गर्भवतींत गर्भावधी मधुमेहाचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले.

याचा जनुक-अभिव्यक्तीशी काय संबंध? डीएनएवर बसणारा मिथिल गट पेशीला ज्या रासायनिक चक्रातून मिळतो त्यात फोलेट व बी-१२ हे दोघे एकत्र काम करतात. बी-१२ नसेल तर चक्र अडते, होमोसिस्टीन साचते आणि फोलेटही एका अवस्थेत अडकून पडते. अशा स्थितीत जनुकांवरील मिथिलीकरणाची घडी विस्कटू शकते. निसर्गात बी-१२ फक्त सूक्ष्मजीव तयार करतात. माणसाला ते दूध, अंडी, मांस यांतून मिळते. शाकाहारी आणि त्यातही दुधाचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबात ते कोठून यावे? आपल्या प्रसूतिपूर्व कार्यक्रमात लोह आणि फोलिक अॅसिडची गोळी नेमाने दिली जाते. तिने असंख्य स्त्रियांचा रक्तक्षय रोखला आहे व ती बंद करावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु बी-१२ विना फोलिक अॅसिड ही अर्धी व्यवस्था आहे, हे पुण्यातील आकडे सांगतात. पुणे मातृपोषण अभ्यासातील मुलेमुली किशोरवयीन झाल्यावर त्यांनाच गर्भधारणेपूर्वी बी-१२ देण्याची ‘प्रिया’ ही चाचणी २०१२ पासून हाती घेतली गेली. हस्तक्षेप गर्भवतीवर न करता होणाऱ्या आईवर करावयाचा, हा या चाचणीमागील विचार आहे.

तोच विचार मुंबईतही तपासला गेला आणि तेथे आलेला निकाल गर्भावधी मधुमेहाच्या दृष्टीने अधिक थेट आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील विवाहित स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून प्रसूतीपर्यंत रोज एक खाद्यपदार्थ देण्यात आला. एका गटाच्या समोसा-टिक्कीसारख्या पदार्थात पालेभाज्या, फळे व दूध होते; दुसऱ्या गटाच्या पदार्थात बटाटा, कांदा यांसारख्या कमी पोषक भाज्या. बाळांच्या सरासरी वजनात मोठा फरक पडला नाही आणि त्यामुळे काही काळ हा प्रयोग फसल्यासारखे वाटले. मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात गर्भावधी मधुमेहाचे प्रमाण पहिल्या गटात ७.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के आढळले. महागडे औषध नाही, कडक पथ्य नाही. पालेभाजी, फळ आणि दूध. पोटभर अन्न आणि पोषक अन्न यांतील भेद याहून स्पष्ट शब्दांत सांगणे कठीण आहे.

तपासणी : वेळ आणि स्थलांतर

गर्भावधी मधुमेहाची तपासणी केवळ स्थूल, वयस्क किंवा घराण्यात मधुमेह असलेल्या स्त्रियांपुरती ठेवण्याची पद्धत काही देशांत आहे. वरील विवेचनानंतर ती येथे का चालणार नाही हे वेगळे सांगण्याची गरज नाही. भारत सरकारच्या २०१४ च्या व २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांनी प्रत्येक गर्भवतीची तपासणी सांगितली आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारलेल्या पद्धतीनुसार स्त्री उपाशी असो वा जेवलेली, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी साखर मोजावयाची. ती १४० मिलिग्रॅम किंवा अधिक असल्यास गर्भावधी मधुमेह समजावयाचा. उपाशीपोटी येण्याची अट नसल्याने कामावर जाणाऱ्या स्त्रीला ही चाचणी झेपते. आंतरराष्ट्रीय निकषांच्या तुलनेत काही रुग्ण तीतून निसटतात, हा आक्षेप खरा आहे. पण न झालेल्या अचूक चाचणीपेक्षा झालेली साधी चाचणी बरी, हा व्यवहारही तितकाच खरा आहे.

पहिली चाचणी पहिल्या भेटीत आणि ती निर्दोष आल्यास दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, असा नियम आहे. औद्योगिक पट्ट्यात नेमकी येथे अडचण येते. पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी जाण्याची रीत आजही पाळली जाते. डोहाळजेवण उरकून सून बीड, लातूर किंवा वाशीमच्या गाडीत बसते ती बहुधा याच आठवड्यांत. पिंपरीतील दवाखान्यात तिची पहिली नोंद असते, दुसऱ्या चाचणीच्या वेळी ती तेथे नसते आणि माहेरच्या केंद्रात ती नवी असते. माता-बाल संरक्षण कार्डावर साखरेचा आकडा तारखेसह लिहिलेला असणे, एवढी क्षुल्लक वाटणारी गोष्ट अशा वेळी निर्णायक ठरते. महिन्याच्या ९ तारखेस सरकारी केंद्रांत होणाऱ्या सुरक्षित मातृत्व तपासणीत माहेरी निघालेल्या स्त्रीची दुसरी चाचणी २४ व्या आठवड्यालाच उरकून घेणे शक्य आहे.

निदान झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना आहारनियोजन आणि रोजचे चालणे पुरते. दोन आठवड्यांत जेवणानंतर दोन तासांची साखर १२० मिलिग्रॅमच्या खाली न आल्यास औषधाचा विचार केला जातो. उपचारांचा लाभ वादातीत आहे : २००५ मधील ऑस्ट्रेलियातील चाचणीत बाळाच्या गंभीर गुंतागुंतींचे प्रमाण उपचारांमुळे ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले. खरी कसोटी आहारनियोजनाची आहे. पतीची पाळी रात्रीची, स्वयंपाक त्याच्या वेळेनुसार, स्वतःचे जेवण दुपारी तीनला आणि मध्ये चहा-बिस्किटे, अशा घरात ‘थोडे थोडे, वेळेवर खा’ हा सल्ला कागदावरच राहतो. सल्ला देणाऱ्याने आधी पाळीचे वेळापत्रक विचारावे.

प्रसूतीनंतर वार बाहेर पडते, तिची संप्रेरके व सायटोकाइन नाहीसे होतात आणि साखर बहुतेक वेळा काही दिवसांतच पूर्ववत होते. त्यामुळे विकार बरा झाला असे घरातील सर्वांनाच वाटते. बीटा पेशींची अपुरी राखीव क्षमता मात्र तशीच असते. गर्भावधी मधुमेह होऊन गेलेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत सुमारे दहापट असतो, असे २०२० मधील एकत्रित विश्लेषण सांगते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील अशा स्त्रियांची साधारण साडेचार वर्षांनी तपासणी केली असता निम्म्याच्या आसपास स्त्रियांना मधुमेह झालेला आढळल्याचे २००४ मध्ये नोंदविले गेले. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोजची चाचणी पुन्हा करावयाची असते. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना संपतो तो याच सुमारास आणि बाळाची दीड महिन्याची लसही तेव्हाच असते. बाळाला लस टोचण्यासाठी आई केंद्रावर येतेच. त्या दोन तासांत तिला ग्लुकोजचे पाणी देऊन तिची साखर पाहता येते.